निवृत्त औषध निर्माण अधिकाऱ्यांची फार्मासिस्ट नोंदणी (ठाणे)

शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला खासगी मेडिकलमध्ये बसायचे असेल, तर राज्याच्या फार्मासिस्ट नोंदवहीत त्याचे नाव चालू असावे लागते. ही नोंदवही महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल ठेवते. तिचे कार्यालय मुलुंड पश्चिमेला, कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात आहे. ठाण्याहून लोकलने पुढचेच स्टेशन.

फार्मसी कायदा, 1948 नुसार नोंदणी व्यक्तीची असते, पदाची नव्हे. त्यामुळे ती निवृत्तीने संपत नाही, आणि कायद्यात कमाल वयाची अटही नाही. ती जाते नूतनीकरण राहिल्याने. शुल्क मुदतीत आले नाही, तर कलम 34 प्रमाणे निबंधक नाव काढतात. नाव परत चढवता येते, पण ते काम नोकरीची ऑफर आल्यावर नव्हे, निवृत्तीच्या आधीच उरकावे. 5 वर्षांत किमान 2 रिफ्रेशर कोर्स लागतात. त्यांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

तीस वर्षांची सेवा नोंदणीची जागा घेत नाही. केवळ अनुभवावर नाव चढवण्याची सोय पहिल्या नोंदवहीपुरती होती. घाऊक विक्रीत मात्र देखरेखीसाठी फार्मासिस्टऐवजी दहावी आणि औषधविक्रीचा 4 वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही चालते.

घोळ बहुधा कागदांत होतो. नोंदवहीत राहता पत्ता, कामाचा पत्ता आणि मालकाचे नाव असते. उदाहरणार्थ, जव्हारच्या आरोग्य केंद्राच्या क्वार्टरचा जुना पत्ता 'जि. ठाणे' असा असतो. 1 ऑगस्ट 2014 पासून जव्हार पालघर जिल्ह्यात आहे, आणि माणूस आता कळव्यात राहतो. महिलांच्या पदविकेवर माहेरचे नाव असते. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडल्याशिवाय अर्ज अडकतो.

दुकानातले कामही वेगळे. शासकीय दवाखान्याला विक्री परवाना लागत नाही. दुकान नमुना 20 व 21 च्या किरकोळ विक्री परवान्यावर चालते. शेड्यूल एच1 चे (काही अँटिबायोटिक, क्षयरोगाची औषधे अशा कडक नोंदीच्या यादीतले) औषध दिले की डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये त्याच वेळी लिहायची. ते रजिस्टर 3 वर्षे ठेवायचे. 'सर्टिफिकेट फक्त भिंतीवर लावायला द्या, येण्याची गरज नाही' असे सांगणाऱ्या दुकानदाराला स्पष्ट नकार द्यावा. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचे असते, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास फार्मसी कायद्याच्या कलम 36 खाली नावच कमी होते. दुकान सोडताना अन्न व औषध प्रशासनाला तसे कळवून पोच घ्यावी.