मालिशने ‘शीर जागेवर बसते’ का?

विरारहून चर्चगेटपर्यंत लोकलची कडी धरून उभ्याने आलेल्याची मान आखडली की ‘शीर सरकली, मालिश करून बसवून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. परंतु मानेतील शीर अशी जागा सोडत नाही. ट्रॅपेझियस हा स्नायू कवटीच्या मागून खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला असल्याने खांद्याचा ताण मानेत, कधी डोक्यातही जाणवतो, आणि खांदा चोळल्यावर मान सैलावते. मेल्झॅक व वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेचे संदेश काही प्रमाणात रोखतात. हा आराम खरा, पण बहुधा तात्पुरता असतो. हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवत असेल, तर मात्र कोणाकडूनही मान मोडून घेऊ नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.