कुत्र्या-मांजरांसाठीची उत्तेजक रेचके : आजच्या अटींमागचा इतिहास

बद्धकोष्ठतेसाठी मांजराला बिसाकोडिल या उत्तेजक रेचकाची, म्हणजे आतड्याच्या स्नायूंना चेतवून पोट साफ करणाऱ्या औषधाची, गोळी देताना पशुवैद्य काही अटी घालतात : आतड्यात अडथळा नाही याची आधी खात्री करावी, शरीरात पाण्याची कमतरता नसावी, गोळी अख्खी द्यावी आणि औषध थोडेच दिवस चालवावे. या अटी एकदम ठरलेल्या नाहीत.

एकोणिसाव्या शतकात जुलाब हा जनावरांच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्यावरचा पहिला उपाय होता. इंग्रज पशुवैद्य विल्यम यूअट कुत्र्यांना एरंडेल, बकथॉर्न या झुडपाच्या फळांचे सरबत आणि अफूच्या बोंडांचे सरबत एकत्र करून देत. त्यातील अफू बहुधा पोटातील कळा दाबण्यासाठीच असावी. आपल्याकडील घरांत पूर्वी मुलांना नेमाने पाजले जाणारे एरंडेल लहान आतड्यातच रिसिनोलिक आम्ल मोकळे करते, त्यामुळे त्याचा परिणाम जोरकस असतो आणि पाणीही बरेच जाते. ते नेमके कोणत्या ग्राहीवर (पेशीवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर) काम करते, हे मात्र २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून कळले. सुपारीतील अरेकोलिन तर कुत्र्यांना जंत पाडण्यासाठी जुलाब म्हणून दिले जाई, आणि न्यूझीलंडच्या हायडॅटिड या कुत्र्यांतील फीतकृमींमुळे पसरणाऱ्या रोगाविरुद्धच्या मोहिमेत त्याचा मोठा वापर झाला; मांजरांच्या श्वासनलिकेत मात्र त्याने स्राव साचतो, म्हणून त्यांना ते वर्ज्य ठरले.

बिसाकोडिलचे मूळ फिनॉल्फ्थॅलीनमध्ये आहे. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केलेल्या या दर्शक (आम्ल-अल्कली ओळखण्यासाठी रंग बदलणाऱ्या) रसायनाचा रेचक गुण हंगेरीत, ते वाइनमध्ये मिसळण्याच्या संदर्भात तपासताना, विसाव्या शतकाच्या आरंभी ध्यानात आला. पुढे प्राण्यांवरील चाचण्यांत कर्करोगाचा धोका दिसल्याने अमेरिकेत १९९९ मध्ये ते रेचकांतून बाद झाले. तोवर १९५० च्या दशकात आलेल्या, त्याच्याशी रचनेने जवळच्या बिसाकोडिलने जम बसवला होता. हे औषध माणसांसाठीचेच, पशुवैद्यकाने ते उसने घेतले. जठरात त्रास होऊ नये म्हणून गोळीवर आवरण असते, आणि ते फोडायचे नसल्याने मात्राही पाच मिलिग्रॅमच्या पटीतच वाढते : मांजराला साधारण ५, कुत्र्याला आकारानुसार ५ ते २०. गोळी कुटून दुधातून देण्याचा सोपा वाटणारा मार्ग इथे दुहेरी घातक आहे, कारण कुटल्याने आवरण जातेच, पण अख्खी गोळीही दुधाबरोबर दिल्यास ते वेळेआधी विरघळू शकते. मग उलट्या आणि पोटात कळा येतात.

थोडेच दिवस देण्याची अट मुख्यतः मांजरांच्या मेगाकोलनमुळे, म्हणजे मोठे आतडे कायमचे फुगून सैल पडण्याच्या विकारामुळे, पटते. १९९० च्या दशकातील संशोधनात दिसले की या विकारात मोठ्या आतड्याच्या स्नायूचीच आकुंचनशक्ती गेलेली असते, आणि जो स्नायू हलूच शकत नाही त्याला चेतवून काही साधत नाही. उलट, दीर्घकाळ दिल्यास बिसाकोडिलमुळे आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंना इजा होण्याची शक्यता पशुवैद्यकीय ग्रंथ सांगतात. म्हणून जुनाट बद्धकोष्ठतेत आतड्यात पाणी धरून मळ मऊ करणारे लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आणि स्नायूत काही शक्ती उरली असेल तर आतड्याची हालचाल वाढवणारे सिसाप्राइड, असा क्रम रूढ झाला. हृदयाच्या तालावरील दुष्परिणामांमुळे माणसांसाठीचे सिसाप्राइड अमेरिकेत २००० मध्ये बाजारातून गेले, तरी मांजरांसाठी ते तिथे औषधनिर्माते मागणीनुसार बनवून देतात. यांपैकी कशालाच दाद न देणाऱ्या मांजरांच्या मोठ्या आतड्याचा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो.