काड जितकं ओलं, तितकी अळिंबी जोमात? अजिबात नाही

"अळिंबी पाण्यावरच वाढते, काड चिंब ठेवा." नाशकात घरी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, करून पाहणाऱ्या अनेकांना हा सल्ला मिळतो. तो चूक आहे आणि त्यापायी चांगले बेड, म्हणजे काड आणि अळिंबीचं बियाणं भरलेल्या पिशव्या, वाया जातात.

अळिंबी ही बुरशीच, आणि बुरशीलाही श्वास लागतो. काडाच्या फटींत पाणी साचलं की हवा उरत नाही, पांढरे तंतू जागीच थांबतात आणि जिवाणू माजतात. पिशवीच्या तळाशी पिवळट पाणी, तोंड उघडताच आंबूस वास आला, की समजा बेड गेला.

काडात ओल हवी ६० ते ६५ टक्के. गव्हाचं असो वा सोयाबीनचं, भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळलेलं मूठभर काड घट्ट पिळा. तळहात ओलसर व्हावा, बोटांतून फार तर एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर सावलीत स्वच्छ कापडावर पसरा, तासाभराने पुन्हा पिळून बघा. घाई करू नका, खरं पीक इथेच ठरतं.

मग फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेचं काय? पाणी खोलीला द्या, काडाला नाही. भिंतींना ओली गोणपाटं लावा, फरशी शिंपडा. हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्के राहिली की पुरे. कोंब फुटल्यावर फवारा मारायचा, तोही धुक्यासारखा. इगतपुरीकडे पावसाळ्यात तेवढीही गरज क्वचितच पडते.