लघुकथा नेमकी केवढी? छोट्या चिंतनपर गोष्टींची पार्श्वभूमी

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात मी काही वर्षं दर शनिवारी पुस्तकं लावायला जायचो. तिथे एक बारकं पुस्तक होतं, प्लास्टिकचं कव्हर, कण्यावर कागदी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर 'ललित' खोडून 'कथा', तेही खोडून 'बाल'. आत तीसेक गोष्टी, दीड-दीड पानाच्या, मुलांसाठी त्यातली एकही नाही, एकीत कासव होतं एवढंच. एक आजी काउंटरवर येऊन म्हणाल्या, "एका पानात संपेल पण दिवसभर डोक्यात राहील असं काहीतरी द्या," तेव्हा मला हेच पुस्तक आठवलं आणि ते बालविभागातून शोधून काढायला अर्धा तास गेला. या घोळाचं मूळ एका शब्दात आहे, लघुकथा.

तसं बघितलं तर छोटी गोष्ट सांगून विचारात पाडणं मराठीला पहिल्यापासून येतं. महानुभाव पंथाच्या दृष्टांतपाठ या जुन्या ग्रंथात 114 दृष्टांत आहेत, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक म्हणजे त्याचा उलगडा. आंधळे आणि हत्ती त्यातच येतात. मग एकदम 1828, मुंबईत इसापनीती मराठीत छापून आली, आणि शाळांमुळे गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवय घराघरात गेली. 1890 ला पुण्यात करमणूक हे साप्ताहिक निघालं, 1895 ला मुंबईत मनोरंजन हे मासिक, त्याच मनोरंजनचा 1909 चा दिवाळी अंक मराठीतला पहिला धरतात. करमणूकमधल्या कथांना तेव्हा साधं 'स्फुट गोष्टी' म्हणायचे आणि त्या चांगल्या ऐसपैस असायच्या.

खरा गुंता त्यानंतर झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मासिकांतल्या गोष्टीला इंग्रजीवरून 'लघुकथा' हे नाव पक्कं बसलं. लघु म्हणजे कादंबरीपेक्षा लहान, एवढाच अर्थ होता त्यात, पंधरा पानांची गोष्टसुद्धा लघुकथाच. तंत्राची चर्चा सुरू झाली, सुरुवात कशी, कलाटणी कुठे, शेवट कसा, आणि एक-दोन पानांच्या गोष्टीला त्या चर्चेत जागाच उरली नाही. ती दोन दिशांना वाटली गेली. कोल्हापूरला शिकवणाऱ्या एका प्राध्यापक-कादंबरीकारांनी 1926 च्या सुमाराला गुजगोष्टी लिहायला घेतल्या, त्यातून लघुनिबंध रुळला, म्हणजे चिंतन राहिलं पण गोष्ट पातळ झाली. दुसरीकडे शिरोड्याला शाळेत शिकवणाऱ्या लेखकांनी रूपककथा लिहिल्या, त्यात गोष्ट होती, चिंतनही होतं, पण माणसांच्या जागी नदी, पणती, फुलं बोलायला लागली की वाचणाऱ्याला वाटतं हे लहान मुलांचं आहे. आमच्या त्या चिठ्ठीवरचं 'बाल' तिथूनच आलं असं माझं मत आहे.

1945 नंतर नवकथा, म्हणजे नव्या वळणाची कथा आली. चार नावं हमखास घेतली जातात, त्यातले एक मुंबईत कॉलेजला अर्थशास्त्र शिकवायचे. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या सत्यकथा मासिकाने ही कथा वाढवली, आणि हळूहळू लोक नुसतं 'कथा' म्हणायला लागले, 'लघु' गळून पडलं. मला वाटतं मोठी चूक झाली ती इथे. शब्द मोकळा झाला होता, तो तेव्हाच एका पानाच्या गोष्टीला देऊन टाकायला हवा होता, पण अभ्यासक्रमात आणि प्रश्नपत्रिकांत लघुकथा जुन्याच अर्थाने चालू राहिली. पुढे दीर्घकथा आली, लघुकादंबरी आली, सगळ्यांना नावं मिळाली, या एका पानाच्या गोष्टीला नाही. 1982 ला सत्यकथा बंद पडलं.

मुंबईत हा घोळ जास्त जाणवतो कारण इथे भाषा एकाच मजल्यावर राहतात. हिंदीत आपल्या कथेला कहानी म्हणतात, आणि लघुकथा म्हणजे अगदी छोटी, पान-अर्धं पान. गुजरातीतही टूंकी वार्ता वेगळी, लघुकथा वेगळी. आमच्या शेजारच्या हिंदीभाषक काकूंनी एकदा "लघुकथा पाहिजेत मराठीतल्या" म्हणून सांगितलं, मी कौतुकाने जाडजूड कथासंग्रह नेऊन दिला, त्यांनी तो दोन दिवसांत परत केला. वाचनालयाची दशांश पद्धत, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे द्यायची पद्धत, तीपण कामाला येत नाही, मराठी कथा-कादंबरीला 891.463 आणि निबंधाला 891.464, आता चिंतनपर दीड पान तीनमध्ये टाकायचं की चारमध्ये, हे ज्याच्या हातात पेन त्याने ठरवायचं.

मोबाइल आल्यावर मात्र लोकांनी कोणाची वाट न बघता नावं देऊन टाकली. शंभर शब्दांची ती शतशब्दकथा, लाडाने शशक. त्याहून लहान ती अलक, म्हणजे अति लघु कथा, चार-पाच ओळींची, चर्चगेटपासून ग्रँट रोड येईपर्यंत तीन-चार वाचून होतात. अलकची पुस्तकंही निघाली. चांगल्या अलक खरंच थांबवून ठेवतात, पण बऱ्याच जणी शेवटच्या ओळीत नुसता धक्का देतात, आणि फॉरवर्ड होता होता लेखकाचं नाव गळून तळाला कोणीतरी 'बोध' चिकटवलेला असतो, म्हणजे पुन्हा तात्पर्यच. आणि अलक हे नाव चार ओळींसाठी, दीड पानाच्या गोष्टीला तेही लागत नाही.

त्या आजींनी पुस्तक परत करताना काही पानांत बसच्या तिकिटाचे तुकडे घालून ठेवले होते. कासवाची गोष्ट दोनदा वाचली म्हणाल्या, आणि अशी अजून कुठल्या कपाटात आहेत ते विचारलं. मी ललित, कथा आणि बाल अशी तिन्ही कपाटं दाखवली.