आर्क्टिकमधील हिमबांध सरोवरे

हिमनदीचा बर्फ बाजूच्या दरीच्या तोंडाशी आडवा आला की दरीतले पाणी त्यामागे साचते. अशा जलाशयाला हिमबांध सरोवर म्हणतात. ग्रीनलंड, अलास्का, कॅनडाची आर्क्टिक बेटे, आइसलँड आणि उत्तर नॉर्वे येथे ती आढळतात. हिमालयातील बहुतेक धोकादायक सरोवरे दगडमातीच्या, म्हणजे हिमोढाच्या, बांधामागे असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटलेले सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक त्यांपैकीच. हिमोढाला पडलेले खिंडार सहसा बुजत नाही. बर्फाचा बांध मात्र पाणी सोडून पुन्हा मिटतो आणि सरोवर नव्याने भरू लागते.

बर्फ पाण्याहून हलका असतो. सरोवराची पातळी बांधाच्या जाडीच्या सुमारे नऊ-दशांशापर्यंत चढली की बर्फ तरंगू लागतो आणि तळाशी वाट मोकळी होते. अनेकदा पाणी त्याआधीच फट शोधते. वाहत्या पाण्याच्या उष्णतेने भुयाराच्या भिंती वितळतात, भुयार रुंदावते, प्रवाह आणखी वाढतो. म्हणूनच हा पूर हळूहळू चढतो आणि सरोवर रिकामे होताच एकाएकी थांबतो. मग वरच्या बर्फाच्या भाराने भुयार दाबले जाऊन बंद होते.

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. त्याचा परिणाम दोन बाजूंनी होतो: वितळपाणी वाढल्याने सरोवर लवकर भरते, आणि बांध पातळ झाल्याने तो कमी पाण्यालाही वाट देतो. पूर्व ग्रीनलंडमधील कॅटालिना सरोवरात हा बदल स्पष्ट दिसतो. १९६६ ते २०१६ या काळातील उपग्रह प्रतिमांत त्याच्या रिकामे होण्याची चार आवर्तने सापडली. दर वेळी पातळी १३० ते १५० मीटर खाली गेली आणि २.६ ते ३.४ घन किलोमीटर पाणी स्कोर्सबी साउंड या फ्योर्डकडे, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याकडे, गेले. भरण्याचा वेग आवर्तनागणिक वाढला, दोन पुरांमधले अंतर घटले. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ते पुन्हा रिकामे झाले. इतका प्रचंड पूर निर्जन भागातून गेला, म्हणून हानीच्या बातम्या झाल्या नाहीत. पण असे सरोवर वस्तीच्या वर असते तर काय झाले असते, हे या आकड्यांवरूनच कळते.

पश्चिम ग्रीनलंडमध्ये रसेल हिमनदीलगतचे सरोवर वीस वर्षे स्थिर होते. ऑगस्ट २००७ मध्ये बांधाने वाट दिली आणि त्यानंतर पूर वारंवार येऊ लागले. नॉर्वेतील रुंडव्हासब्रेन हिमनदीने अडवलेले पाणी पूर्वी खडकाळ उंबरठ्यावरून दुसऱ्या दिशेला वाहून जाई. सप्टेंबर २००१ मध्ये ते पहिल्यांदा बर्फाखालून सुटले. सुमारे ४ कोटी घनमीटर पाणी खालच्या जलविद्युत जलाशयात आले आणि प्रकल्पाला त्याचा लाभच झाला. असा योग दुर्मीळच.

बांध फारच पातळ झाला की सरोवर पूर्वीइतके भरत नाही आणि शेवटी नाहीसे होते. आइसलँडमधील ग्रैनालोन हे एके काळचे मोठे सरोवर याच मार्गाने गेले. कॅनडाच्या एल्झमिअर बेटावरील डिझरेली फ्योर्डमध्ये खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा सुमारे ४३ मीटर जाड थर वॉर्ड हंट हिममंचामुळे, म्हणजे किनाऱ्याला जोडलेल्या तरंगत्या बर्फाच्या जाड थरामुळे, टिकून होता. २०००–२००२ च्या सुमारास हा मंच तडकला आणि ते पाणी समुद्रात निघून गेले. त्यातली वैशिष्ट्यपूर्ण जीवसृष्टीही गेली, आणि माझ्या मते या नोंदीतले हेच सर्वांत मोठे नुकसान आहे.

सरोवरे आटत असली, तरी धोका सरळ रेषेत घटत नाही. बर्फ मागे हटताना नवे खोलगट भाग उघडे पडतात आणि जिथे पूर्वी पूर माहीतच नव्हता तिथे येतो. अलास्कातील जूनो शहर आर्क्टिक वृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे, पण उदाहरण नेमके आहे. तिथे मेंडनहॉल हिमनदीची एक उपहिमनदी मागे सरकून रिकामी झालेली दरी २०११ पासून जवळजवळ दरवर्षी भरून सुटते. २०२३ आणि २०२४ मध्ये घरांचे नुकसान झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये नदीने उच्चांक गाठला, तेव्हा काठावर उभारलेल्या तात्पुरत्या भिंतींनी बहुतेक घरे वाचवली.