बहीण की तीच देवी? काल्पनिक जगातले दोन धर्म मिसळले की शेजारी राहिले, हे कसं ओळखावं

कादंबऱ्या आणि गेममधल्या काल्पनिक जगांतल्या धर्मांवर थिअरी मांडताना सर्वांत जास्त गफलत एकाच ठिकाणी होते. दोन पंथांचा कुठेही संबंध दिसला की ते 'मिसळले' असं ठरवून लोक मोकळे होतात. खरं तर असा संबंध दोन तऱ्हांचा असतो. एकात दोन देवमंडळं विरघळून तिसरंच काहीतरी उभं राहतं. त्याला संकर म्हणू. दुसऱ्यात दोन्ही पंथ आपापल्या जागी शाबूत असतात आणि त्यांच्यात नातं जुळतं: बहिणीचं, मानपानाचं, नवसाचं. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभा असतो. पण त्या जगात पुढे काय होऊ शकतं, कोण कुणाविरुद्ध उठू शकतं, हे सगळं या फरकावर ठरतं.

नातं समजून घ्यायला गोव्यातल्या वाचकाला लांब जावं लागत नाही. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारिया माता, या बहिणी. लोककथेत सात बहिणी आणि खेतोबा हा भाऊ. केळबाई मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला, आणि म्हापशाची मिराबाई पुढे मिलाग्रीस झाली असं सांगतात. सायबिणीच्या फेस्ताला (सणाला) हिंदू भाविकही तेल घेऊन जातात. दोघी बहिणींमध्ये तेलाफुलांची देवाणघेवाण होते, अशीही परंपरा सांगितली जाते. एवढं ऐकून बाहेरचा माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे देवी एकच, नावं दोन."

आता जवळून पाहा. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, पंचांगाप्रमाणे. मिलाग्रीसचं फेस्त ईस्टरवरून मोजून धरतात. शिरगावला सोवळं पाळलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, वेताची काठी हातात घेऊन होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात. म्हापशाला चर्चमध्ये मीस (ख्रिस्ती उपासना) होते. सायबिणीपुढे कुणी होमकुंड रचत नाही आणि पाद्री शिरगावला मीस करत नाही. तेल एका दारातून दुसऱ्या दारात जातं, विधी मात्र आपला उंबरठा सोडत नाही. हे नातं आहे, आणि ते टिकतं ते दोघी वेगळ्या राहिल्या म्हणूनच. बहिणीला भेट पाठवायची तर आधी दोन घरं हवीत. त्याच कथेत संकराचाही एक धागा आहे, तो मिराबाईचा. तो तिच्यापुरताच ठेवावा. लईराईला त्यात ओढलं की थिअरी कोसळते.

संकराचा इतका स्वच्छ नमुना काल्पनिक जगात क्वचितच सापडतो, जितका तो 'एल्डर स्क्रोल्स' या गेममालिकेच्या जगात आहे. एल्फ नावाच्या जमातीच्या गुलामगिरीतून माणसांना सोडवणारी अलेसिया राज्यावर आली, तेव्हा तिच्यापुढे पेच होता. तिची प्रजा पिढ्यान् पिढ्या एल्फांचेच देव पूजत आली होती, आणि तिला लढाईत साथ देणारे नॉर्ड उत्तरेचे देव मानणारे, एल्फांच्या देवांचं नावही न खपवून घेणारे. तिने दोन्हींतून निवडून आठ देवांचा नवा धर्म घडवला. खरी गंमत शेझार या देवाची. नॉर्ड त्याला शोर म्हणत, आणि एल्फांविरुद्ध लढणारा सेनानी म्हणून पूजत. तो तसाच ठेवला तर एल्फांचे देव मानणारी प्रजा बिथरणार, काढून टाकला तर नॉर्ड बिथरणार. मग त्याची तलवार काढून घेतली गेली आणि 'माणसांच्या सगळ्या उद्योगामागची प्रेरणा' अशी मोघम ओळख त्याला दिली गेली. आठांत त्याला जागाही मिळाली नाही.

संकर ओळखायची सर्वांत भरवशाची खूण हीच: काय गाळलं? दोन देवमंडळं एक करताना कुणीतरी अडचणीचा ठरतोच आणि त्याला बोथट करावं लागतं. नात्यात काहीच गाळावं लागत नाही. लईराईला सायबिणीची बहीण व्हायला आपली आग सोडावी लागली नाही. तुमच्या थिअरीत दोन पंथ 'मिसळले' असतील आणि दोन्हींचा एकही देव, एकही सण, एकही निषेध कमी झाला नसेल, तर बहुधा ते मिसळलेलेच नाहीत.

दुसरी तपासणी मानकऱ्यांची. संकर झाला की नवं पद निर्माण होतं, आधी दोन्हीकडे नसलेला पुजारी दिसतो. नात्यात जुनेच मानकरी राहतात, फार तर त्यांच्या यादीत अनपेक्षित माणसं असतात. फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीचा छत्रोत्सव घ्या. देवी कुंकळ्ळीहून फातर्प्याला गेली. शिगम्यात बारा वांगडांच्या (कुळांच्या) बारा छत्र्या घेऊन मिरवणूक कुंकळ्ळीला येते. त्या वांगडांचे वंशज आज हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. धर्म बदलला तरी गावकरीचं नातं बदललं नाही. यावरून 'इथे मिश्र धर्म आहे' असा निष्कर्ष काढणं चूक. इथे मान वंशाने चालत आला आहे, श्रद्धेने नव्हे. काल्पनिक राजघराण्यांच्या थिअरींत हा भेद फार उपयोगी पडतो, कारण तिथेही एखादा सरदार ज्या देवाला मानत नाही त्याच्या उत्सवात पहिला मान घेताना दिसतो.

कॅलेंडर तपासणं सोपं आहे, म्हणून ते आधी करावं. सण एकाच गणनेने येतात की दोन? दोन गणना चालू असतील तर नातं. एकच उरली असेल तर संकर, किंवा एकाने दुसऱ्याला गिळलेलं.

चकवणाऱ्या गोष्टींत पहिली बाह्यरूपाची. फोंड्याकडच्या देवळांना घुमट आहेत, युरोपीय धाटणीच्या कमानी आहेत. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला हलवली गेली. नंतर उभ्या राहिलेल्या भव्य देवळांवर आजूबाजूच्या बांधकामाची छाप पडली. पण गाभाऱ्यातली पूजा तीच राहिली. घुमट गवंड्यांबद्दल सांगतो, देवाबद्दल नाही. उलट बाजूने 'क्रिस्तपुराण' बघा. फादर थॉमस स्टीफन्सने लिहिलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला रोमी लिपीत छापला गेला. भाषा मराठी, छंद ओवीचा, बांधणी पुराणाची. आशय मात्र कॅथलिक, त्यात तडजोड नाही. एखाद्या काल्पनिक पंथाची स्तोत्रं दुसऱ्याच्या चालीत दिसली, तर आधी हा प्रश्न विचारा: चाल घेतली की सिद्धांतही घेतला?

आकड्यांवर तर अजिबात विसंबू नये. सात बहिणी इथेही, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या वेस्टेरॉसचा सात मुखांचा धर्मही सातांचा. सात जगभर सापडतो. त्यावर थिअरी उभी राहत नाही.

वेस्टेरॉसमध्ये नात्याचं चांगलं उदाहरण उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्याचं. जुन्या देवांचं पवित्र झाड, विअरवुड, मानणाऱ्या तिथल्या सरदार नेडने दक्षिणेतून आलेल्या बायकोसाठी, केटलिनसाठी, सातांचं छोटंसं प्रार्थनागृह बांधलं. दोन्ही जागा एकाच किल्ल्यात, पण झाडापुढे सातांची प्रार्थना होत नाही. मुलं दोन्ही बघत वाढली, तरी तिसरा धर्म जन्माला आला नाही. राजधानीतल्या किल्ल्यात देवराई आहे, पण तिथे मधोमध विअरवुड नाही, ओक आहे. तो संकरही नाही आणि नातंही नाही, तो अवशेष. आकार उरला, आतला देव गेला.

सर्वांत जास्त वाद होतो तो त्याच जगातल्या ब्रावोस शहरातल्या काळ्या-पांढऱ्या घरावरून, म्हणजे 'बिनचेहऱ्याची माणसं' म्हणवणाऱ्या मारेकऱ्यांच्या मंदिरावरून. तिथे अनेक देशांच्या मृत्युदेवांच्या मूर्ती एका छताखाली आहेत, म्हणून त्याला मिश्र धर्म म्हणतात. त्यांची उगमकथा नीट वाचली तर वेगळं दिसतं. व्हॅलिरिया या जुन्या साम्राज्याच्या खाणींतले गुलाम आपापल्या देवाकडे मरण मागत होते. ते ऐकून पहिल्या बिनचेहऱ्याच्या माणसाने ठरवलं की हे सगळे एकाच देवाला हाका मारत आहेत. हा एकीचा दावा आहे आणि तो त्या घरातल्यांचा आहे. मूर्तींच्या मूळ भक्तांना त्याची खबरही नसेल, आणि त्यांच्या देशांत ते देव वेगळेच राहिले. म्हणून अशा जागी पुराव्यापुढे बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा: 'हे देव एकच' असं मालकाने म्हटलं की भाडेकरूंनी. दोन वेगवेगळ्या पंथांतल्या दोन साक्षीदारांनी तेच सांगितल्याशिवाय संकराची थिअरी मांडू नये.