शेळीचं वजन टिकवायला रोज किती खाद्य लागतं?

शेळीपालक बंधू-भगिनींनो,

"खुराक किती ग्रॅम घालायचा?" हे आमच्या दुकानात रोज विचारलं जातं. त्यावर आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो: शेळीचं वजन किती, आणि ती दिवसाकाठी किती चालते? पोत्याचं बोलणं त्यानंतर.

शेळी भाकड असली तरी श्वास, रवंथ, अंगातली ऊब यांवर ऊर्जा खर्च होतच असते. तेवढी भरून निघाली की वजन वाढत नाही आणि घटतही नाही. ही झाली निर्वाहाची गरज. ती टीडीएनमध्ये, म्हणजे खाद्यातल्या एकूण पचनीय पोषक भागात मोजतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९८१ च्या तक्त्यानुसार शेडमध्येच असणाऱ्या २० किलोच्या शेळीला रोज २६७ ग्रॅम, ३० किलोच्या शेळीला ३६२ ग्रॅम आणि ४० किलोच्या शेळीला ४४८ ग्रॅम टीडीएन लागतं. वजन दुप्पट झालं तरी गरज दुप्पट होत नाही. म्हणून ४० किलोच्या बोकडाचा हिशेब निम्मा करून २० किलोच्या पाटीला, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळीला, लावला, तर पाट उपाशी राहते. शिवाय ती वाढीच्या वयातली, तिला वाढीसाठी वेगळं लागतं.

आता चालण्याचा खर्च. आसपास थोडं चरून येणाऱ्या शेळीला पाव पट जास्त, डोंगरउतारावर फिरणाऱ्या शेळीला दीडपट, आणि विरळ रानात लांबवर भटकणाऱ्या शेळीला पाऊणे दोन पट. म्हणजे ३० किलोच्या त्याच शेळीची गरज ३६२ वरून ६३४ ग्रॅमपर्यंत जाते.

गेल्या मे महिन्यात सासवडकडच्या एका ताईंनी सांगितलं, "दिवसभर रानात असतात, तरी खंगत चालल्यात." जाऊन पाहिलं. पाण्यासाठी शेळ्या दोन टेकड्या ओलांडत होत्या, आणि वाटेत चावायला काटक्याच. कंबरेवरून हात फिरवला तर मणके बोटांनी मोजता येत होते. रानात जे मिळत होतं ते चालण्यातच संपत होतं. ऊन चढायच्या आत शेळ्या माघारी आणा, पाणी शेडमध्ये द्या, संध्याकाळी तुरीचं भूस आणि मूठ-दोन मूठ मक्याचा भरडा घाला, एवढंच सुचवलं. घसरण थांबली.

शेडमधल्या ३० किलोच्या संगमनेरी किंवा उस्मानाबादी भाकड शेळीला अर्धा किलो तुरीचं भूस आणि सव्वा किलो हिरवा लसूणघास मिळाला, तर साधारण गरज भागते. चारा चांगला असेल तर तिला खुराकाची गरज नाही, हे आम्ही खुराक विकत असूनही सांगतो. गाभण शेळीचं मात्र तसं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत गरज जवळपास दुप्पट होते, आणि पोटातल्या करडांमुळे चाऱ्याला जागा कमी उरते. तिथे भरडा, पेंड लागतेच. पण खुराक एकदम वाढवू नका. दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. एका दिवसात जास्त धान्य पडलं तर पोटात आम्ल होऊन शेळी दगावू शकते.

वजन करायला लटकता स्प्रिंगकाटा आणि पोत्याची झोळी पुरते. पंधरा दिवसांनी, सकाळी चारा-पाण्याच्या आधी करा. भरल्या पोटाचं वजन फसवं असतं. काटा नसेल तर टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०: हे झालं अंदाजे किलोतलं वजन. २८ घेर आणि २५ लांबी असेल तर सुमारे ३० किलो.

शेडच्या खांबावर खडूने वजन आणि तारीख लिहीत जा. ते आकडे आणि घरचा चारा कोणता, एवढं घेऊन दुकानात या. हिशेब मांडून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.